विजापूरचे पहिले फोटो आणि त्यात न दिसणारे शिलालेख

कातळवाट
मंडळी, सध्या विजापूरच्या सगळ्यात जुन्या फोटोंचा नाद लागलाय. थोडी पार्श्वभूमी देतो. मुंबई तोफखान्यातला कॅप्टन थॉमस बिग्ज याला १८५५ मध्ये मुंबई सरकारने अधिकृत छायाचित्रकार नेमलं आणि विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात पाठवलं. वर्ष संपता संपता तोफखान्याने त्याला परत बोलावलं आणि ते काम डॉ. विल्यम पिगूकडे गेलं. पुढे १८६६ मध्ये लंडनचा प्रकाशक जॉन मरे याने पश्चिम भारतातल्या पुरातन वास्तूंच्या समितीसाठी विजापूरवर एक भलामोठा ग्रंथ काढला. फोटो बिग्ज आणि मेजर लॉक यांचे, मजकूर मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा, आर्थिक आश्रय मुंबईच्या करसनदास माधवदासांचा. प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवलेले.

माझा प्रश्न असा. विजापूरचा इब्राहिम रोजा (इब्राहिम आदिलशाहाच्या कबरीची वास्तू) ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की तिथल्या कबरीच्या बाहेरच्या भिंती अक्षरांनी मढवलेल्या आहेत. खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा अक्षरं कोरून केलेल्या. पण या जुन्या फोटोंमध्ये कमानी दिसतात, मिनार दिसतात, छज्ज्याखालचं कोरीवकाम दिसतं, आणि लेख मात्र नुसत्या खडबडीत पृष्ठभागासारखे दिसतात. एक शब्द लागत नाही.

गंमत म्हणजे त्याच १८६६ साली, त्याच समितीसाठी, बिग्ज आणि पिगू यांनीच काढलेल्या धारवाड-म्हैसूरकडच्या शिलालेखांच्या फोटोंचा स्वतंत्र संग्रह थिओडोर होपने छापला. म्हणजे जुन्या कन्नड आणि संस्कृत लेखांसाठी शिळेसमोर कॅमेरा लावला गेला. मग अरबी-फारसी लेखांच्या वाट्याला ते का आलं नाही? माझं मत सांगून टाकतो: त्यांच्या लेखी हे लेख म्हणजे इमारतीची सजावट होती, वाचायचा मजकूर नव्हता. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई
छान धागा. वाचतेय.

जुनाकॅमेरा
मत नंतर, आधी रसायन. काचेवरचं ओलं कोलोडियन आणि कागदी निगेटिव्ह या दोन्ही पद्धती मी घरी करून पाहतो, त्यामुळे राहवत नाही.

पहिली अडचण कागदाची. बिग्जची १८५५ ची निगेटिव्ह कागदावरची होती. कागदाचे तंतू छापात उतरतात. मिनारासारख्या मोठ्या आकाराला फरक पडत नाही, पण बारीक अक्षराची कड विरघळते. नुक्ते, म्हणजे अरबी-फारसी अक्षरांचे ठिपके, तर पहिले जातात.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. त्या काळचं कुठलंही रसायन फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश बघायचं. तांबडा आणि पिवळा त्याला जवळजवळ काळाच दिसायचा. म्हणून जुन्या फोटोत आकाश कायम पांढरंफटक. आता इब्राहिम रोजाच्या लेखांचं मूळ रूप आठवा, निळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरं. जिथे रंग शिल्लक असेल तिथे निळं पांढरं पडणार आणि सोनं काळं पडणार, म्हणजे डोळ्याला दिसतं त्याच्या बरोब्बर उलट. आणि जिथे रंग अर्धवट उडालाय तिथे अर्धं अक्षर काळं, अर्धं फिकं, बाकी दगडाचा करडा. असा फोटो कोण वाचणार?

बीदरला याहून वाईट. महमूद गवानच्या मदरशाच्या दर्शनी भागावर निळ्या फरशीत पांढरी अक्षरं आहेत. निळंही पांढरं, पांढरंही पांढरं. त्या रसायनाला तिथे लेख आहे हेच कळायचं नाही. (दगड नाही, फरशी आहे, विषयांतर मान्य.)

बोरघाट
@कातळवाट, प्रश्नच मला थोडा आडवळणाचा वाटतो. शिलालेख वाचायला फोटो लागतच नाही, ठसा लागतो. ओला हातकागद शिळेवर बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून खोलगट भागात दाबायचा, थोडा सुकत आला की शाईचा बोळा फिरवायचा, अलगद सोलून घ्यायचा. अक्षर जेवढ्यास तेवढं मिळतं. ना भिंगाचा दोष, ना उन्हाचा. विजापूरचे लेख ज्यात नीट एकत्र आले ते मुहम्मद नाझिम यांचं पुस्तक पुरातत्त्व खात्याने १९३६ मध्ये काढलं. आधीच्या फोटोंचं कौतुक असावं, पण लेखवाचनाच्या इतिहासात त्यांना जागा नाही असं माझं स्पष्ट मत.

वेशीबाहेर
+१ ठशाला. मात्र एक भर घालतो. अरबी-फारसी लेखात अक्षरं बहुतेक उठावाची असतात, भोवतालची जमीन खोदून काढलेली. आपल्या देवनागरी आणि कन्नड लेखांत अक्षरच खोदलेलं असतं. त्यामुळे देवनागरी ठशात अक्षर पांढरं आणि जमीन काळी येते, तर फारसी ठशात अक्षर काळं येतं, थेट पुस्तकाच्या पानासारखं. वाचायला केवढं सुख!

मुक्ता_सो
मी सोलापूरची, विजापूर म्हणजे आमचं शेजारघर. @बोरघाट, ठशाचा मान कबूल, पण "जागा नाही" हे पटत नाही. ठसा अक्षर देतो आणि ते अक्षर भिंतीतून उचलून आणतो. लेख दाराच्या वर होता की बाजूला, किती उंचीवर होता, येणाऱ्याला आधी कुठली ओळ दिसायची, शेजारी दुसरा लेख होता का, हे ठशाच्या गुंडाळीत कुठून कळणार? फोटोत ते सगळं जागच्या जागी असतं.

आमच्या भागातल्या एका दर्ग्याच्या दारावरचा लेख मी शाळेत असताना स्पष्ट होता. नंतर वर्षानुवर्षं चुन्याचे आणि मग ऑइलपेंटचे थर बसले. आता हिरव्या रंगाखाली नुसते उंचवटे आहेत. एका घरात लग्नाचा जुना कृष्णधवल फोटो मिळाला, वऱ्हाडी त्याच दारात उभे. त्यांच्या फेट्यांच्या वर पाटीची डावी अर्धी बाजू दिसते. तेवढीच आता उरलेली आहे. ठसा कुणी घेतलाच नव्हता.

रानजाई
@मुक्ता_सो, हा फोटो स्कॅन करून ठेवा हो, जमेल तितक्या जास्त रेझोल्यूशनवर. आणि त्या घरच्यांना मूळ प्रत लॅमिनेट करू देऊ नका!

मुक्ता_सो
स्कॅन झालाय. लॅमिनेशनपासून वाचवला आहे, त्यासाठी दोन वेळा चहा प्यावा लागला. :)

फारसीचा_विद्यार्थी
नागपूरहून नमस्कार. इथे लिहायला उशीर झाला, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. अनेकांना माहीत नसतं की भारतभरच्या अरबी-फारसी शिलालेखांसाठी पुरातत्त्व खात्याची जी शाखा आहे तिचं मुख्यालय आमच्या नागपुरात आहे.

वर जुनाकॅमेरा म्हणाले की नुक्ते पहिले जातात. त्याचा परिणाम किती खोल असतो ते दाखवतो. गोल घुमटाच्या दक्षिण दारावर तीन भागांत लेख आहे. त्यातलं एक वाक्य, "आक़िबत मुहम्मद महमूद शुद", म्हणजे मुहम्मदाचा शेवट स्तुत्य झाला. फारसीत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, त्या हिशेबाला अबजद म्हणतात. आता मांडा: आक़िबत ५७३, मुहम्मद ९२, महमूद ९८, शुद ३०४. बेरीज १०६७. हे हिजरी वर्ष, इसवी सन १६५६-५७. ज्याची ही कबर तो मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला.

दुसरा भाग, "सुलतान मुहम्मद जन्नत-आशियानी", स्वर्गात घरटं असलेला सुलतान. सुलतान १५०, मुहम्मद ९२, जन्नत ४५३, आशियानी ३७२. पुन्हा १०६७!

आता "जन्नत"मधला नून बघा. वर एक नुक्ता, किंमत ५०. तोच नुक्ता खाली गेला तर बे, किंमत २. वर दोन झाले तर ते, किंमत ४००. म्हणजे फोटोत एक ठिपका पुसट झाला की सालच बदलतं. उलट बाजूने हीच बेरीज वाचणाऱ्याची राखणही करते. पुसट फोटोवरून तुम्ही काहीतरी वाचलंत आणि गणित १०६७ वर आलं नाही, तर वाचन तपासा. कोरणाऱ्याने जणू पडताळा दगडातच ठेवून दिलाय, आणि असा लेख वाचताना मला दरवेळी त्या अनाम कवीला सलाम करावासा वाटतो.

अमोघ_७
वा वा वा! हे म्हणजे कमाल आहे. आत्ता कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली. आमच्या घरात सध्या बारशाची चर्चा आहे, नावाची किंमत जन्मसालाएवढी आली पाहिजे असा प्रस्ताव मांडतो आज जेवताना.

बोरघाट
@फारसीचा_विद्यार्थी, सुंदर. पण बघा, हे नुक्ते ठशातच नीट दिसतात. माझाच मुद्दा झाला!

फारसीचा_विद्यार्थी
@बोरघाट, ठशातही नुक्ते दगा देतात. दगडाला खड्डा पडलेला असेल किंवा टवका उडून उंचवटा राहिला असेल, तर शाईच्या बोळ्याला तो नुक्ता आहे की नुसता ओरखडा हे कळत नाही. फोटोत तिरकं ऊन असेल तर सावलीच्या कडेवरून कळतं, कारण छिन्नीने ठेवलेला नुक्ता चौकट धरून असतो, आपोआप झालेला उंचवटा वेडावाकडा. दोन्ही शेजारी ठेवून वाचावं लागतं. आमच्यात कुणीच एकावर विसंबत नाही.

सातासमुद्रापार
मी जिनिव्हात राहते, म्हणून इकडचं एक सांगते. अरबी शिलालेखांचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्याने उभा केला तो मॅक्स फान बेर्खेम इथलाच. कैरो, जेरुसलेम, दमास्कस हिंडून त्याने लेख गोळा केले आणि १८९४ पासून कैरोच्या लेखांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याच्याकडे फोटो होते, ठसे होते, आणि हाताने उतरवलेल्या वह्याही. त्याचं म्हणणंच असं होतं की लेख हा इमारतीचा भाग आहे, तो इमारतीसकट वाचला पाहिजे. मुक्ताताई म्हणतात तेच.

आणि त्याच्याही पन्नासेक वर्षं आधी, १८४२ ते १८४४ मध्ये, झिरो द प्रांजे नावाचा फ्रेंच माणूस कैरो आणि सीरियाकडे डागेरोटाइपचा कॅमेरा घेऊन गेला होता. मशिदींचे इतके जुने फोटो फार थोडे आहेत. त्यात एक अडचण: डागेरोटाइपला निगेटिव्ह नसतं, चांदीच्या पत्र्यावर थेट प्रतिमा उमटते, आणि आरसा किंवा लोलक न लावता घेतली तर ती डावी-उजवी उलटी असते. म्हणजे उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी ओळ त्यात डावीकडून उजवीकडे जाते. वास्तूचे फोटो बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, पण पट्टीत अक्षर असेल तर वाचणारा एका क्षणात सांगतो की चित्र उलटं आहे.

जुनाकॅमेरा
@सातासमुद्रापार, हा मुद्दा आपल्याकडेही लागू आहे. काचेचं निगेटिव्ह चुकून उलट्या बाजूने छापलं तर पूर्ण फोटो उलटा होतो. जुन्या अल्बममध्ये असं कधी कधी सापडतं. मशिदीचा फोटो असेल तर आधी लेखाची पट्टी शोधावी, ती सुलट आहे का बघावं, आणि मगच दिशांबद्दल बोलावं.

वेशीबाहेर
फोटो काढायच्या आधी लोक लेखाचं काय करायचे तेही बोलू या. अक्षरांवर खडू फासायचा, खाचांत पांढरं भरायचं. फोटो झकास येतो, पण खडू फिरवणाऱ्याने जे वाचलं तेच फोटोत उतरतं. त्याला जे अक्षर लागलं नाही तिथे त्याने अंदाजाने रेघ ओढली, की पुढच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासकांना ती रेघ दगडातली वाटते. अजूनही काही हौशी लोक हे करतात. कृपया करू नका. दगड खराब होतो आणि पुरावाही.

मुक्ता_सो
अगदी. आणि पाणी, तेल, पावडर, पीठ, काहीच नको!

अमोघ_७
थोडं विषयांतर. आपल्या मुलखात दोन लिप्या शेजारी असलेले लेख आहेत ना? बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत लेखही आहे असं ऐकलंय.

फारसीचा_विद्यार्थी
आहे. खानदेशच्या फारुकी सुलतान आदिलशाहाने (विजापूरचा नव्हे) ती मशीद बांधवली, सोळाव्या शतकाच्या शेवटी. आत संस्कृत लेख आहे, त्यात देवनागरीत राजाची वंशावळ आणि पंचांगाच्या तपशिलासह तिथी. असीरगड जिंकल्यावर अकबरानेही त्या मशिदीत फारसी लेख कोरवला. आणि कोकणात अलिबागजवळच्या नागावचा मराठी शिलालेख घ्या, १३६७ चा. त्यात शके १२८९ च्या सोबत हिजरी ७६९ आहे. मराठी लेखात हिजरी साल! अशा लेखांचा फोटो घेताना शिळा पूर्ण चौकटीत घ्या, नुसत्या आपल्या लिपीच्या ओळी नकोत.

बोरघाट
बरं, मुक्ताताई आणि विद्यार्थीबुवा, जागेचा मुद्दा मला मान्य. फोटो हवा. पण कातळवाट यांचा मूळ प्रश्न तसाच राहिलाय. जुनाकॅमेरा यांनी रसायनाची कारणं दिली, पण कोरीव कन्नड लेखांचे फोटो त्याच रसायनाने काढलेच ना? छायाचित्रकार लिनियस ट्राइपने तर १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानाच्या (शिखराच्या) जोत्यावरचे लेख ओळीने टिपले आणि २१ छाप जोडून एकच लांबलचक पट्टी केली, साधारण १९ फुटांची. तीही कागदी निगेटिव्हवर! म्हणजे मनात असलं तर जमत होतं.

जुनाकॅमेरा
@बोरघाट, तंजावरची अक्षरं मोठी, जोतं उघड्यावर, ऊन थेट. इब्राहिम रोजाच्या भिंती ओसरीच्या आत आहेत, दिवसभर सावलीत. विजापूरच्या जामा मशिदीचा सोनेरी मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) तर आणखी आत. आरशांनी ऊन आत वळवणं किंवा मॅग्नेशियम जाळणं एवढेच उपाय, आणि मॅग्नेशियम १८६० नंतरचं. पण तुमचं खरं आहे, हे पूर्ण उत्तर नाही. गोल घुमटाचं दक्षिण दार काही अंधारात नाही.

फारसीचा_विद्यार्थी
मला वाटतं उत्तर वाचणाऱ्यांमध्ये आहे. कंपनीच्या कारभारात १८३७ पर्यंत फारसी चालू होती. १८५५ मध्ये विजापूरला जागेवर उभं राहून हे लेख वाचू शकणारे मुन्शी, काझी, मौलवी हयात होते. जेम्स बर्डने विजापूरचे फारसी लेख भाषांतरासह मुंबईच्या एशियाटिक शाखेच्या नियतकालिकात १८४४ मध्येच छापले होते. कॅमेरा यायच्या आधी! म्हणजे सरकारच्या दृष्टीने मजकूर हाती आलेला होता. ज्याला फोटो हवा होता ती गोष्ट म्हणजे मुंबई किंवा लंडनमधल्या टेबलावर नेऊन उकलायची जुनी लिपी. हळेकन्नड (जुनं कन्नड) वाचणारा जागेवर मिळणं कठीण, म्हणून शिळेचा फोटो.

दिल्लीतही तेच. सय्यद अहमद खानांनी १८४७ च्या आपल्या ग्रंथासाठी कुतुबमिनारावरचे लेख उतरवले, तेव्हा वरचे लेख डोळ्यांनी लागेनात म्हणून दोरांना टांगलेल्या टोपलीत बसून ते वर गेले. वाचणारा स्वतः दगडापर्यंत पोहोचत होता. नंतर आलेल्या जॉन मरे (आग्र्याचे डॉक्टर, प्रकाशक नव्हे) आणि बेआतो यांच्या १८५८ च्या कॅमेऱ्यांना मिनार हवा होता. त्यातही तांबडा दगड, म्हणजे फोटोत काळसर.

म्हणून कातळवाट, "सजावट समजले" हे तुमचं मत मी अर्धं स्वीकारतो. फर्ग्युसनसारखे वास्तूचे अभ्यासक खरंच घाट आणि घुमट बघत होते. पण लेखांचे फोटो न निघण्याचं एक कारण हेही होतं की ते तेव्हा सगळ्यांना वाचता येत होते असं गृहीत होतं. ती वाचणारी पिढी गेल्यावर गरज कळली. अरबी-फारसी लेखांसाठी खास नियतकालिक १९०७-०८ मध्ये निघालं, आधी डेनिसन रॉस, मग होरोविट्झ, मग हैदराबादचे गुलाम याझदानी संपादक. त्यात मात्र लेखांच्या छापील चित्रांवर भर आहे.

कातळवाट
@फारसीचा_विद्यार्थी, हे फारच पटलं. बर्डचं १८४४ चं वाचन आणि १८६६ चा फोटो एकत्र ठेवले तर एक काम करता येईल. बर्डने ज्या लेखांची जागा सांगितलीय ती फोटोत शोधायची. तिथे आज काय आहे ते जाऊन बघायचं. कुठला दगड निखळला, कुठला बदलून बसवला, कुठे दुरुस्तीत सिमेंट चढलं, हे कळेल. मुक्ताताई, तुम्ही जवळ आहात, येणार का सोबत?

मुक्ता_सो
येणार म्हणजे काय, भाकरी-चटणी बांधून घेऊन येते. फक्त परवानगीचं आधी बघा. एका स्मारकावर मला तिपाई लावू दिली नव्हती, मोबाइल चालेल म्हणाले.

जुनाकॅमेरा
मोबाइल पुरे आहे. तिपाई नसेल तर भिंतीच्या कडेला कोपर टेकवा. फ्लॅश अजिबात नको, समोरून प्रकाश पडला की उठाव सपाट होतो. ओसरीतल्या लेखांसाठी दुसऱ्याच्या मोबाइलची बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरायला सांगा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, कॅमेरा न हलवता. याच तत्त्वावर चालणारं तंत्र संगणकवाल्यांनी २००१ मध्ये मांडलं, त्यात दिव्याची दिशा बदलत बरेच फोटो घेतात आणि मग पडद्यावर हवा तिथून उजेड पाडता येतो. तुम्हाला तीन-चार दिशा मिळाल्या तरी नुक्ते उलगडतील. चौकटीत मोजपट्टी ठेवा, दगडाला टेकवू नका.

वेशीबाहेर
गोल घुमटाच्या दक्षिण दारासाठी थंडीतली सकाळ धरा. तेव्हा सूर्य आग्नेयेला उगवतो आणि किरण दक्षिण भिंतीला घासून जातात. दुपारी ऊन समोरून येतं, मेच्या मध्यावर तर दुपारी त्या भिंतीवर ऊनच नसतं, सूर्य उत्तरेला गेलेला असतो.

बोरघाट
मग डिसेंबर. मी पुण्याहून येतो. ठशाचं सामान घरीच ठेवतो, परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नाही एवढं माझ्याकडून पक्कं. १८६६ च्या ग्रंथातल्या फोटोंच्या मोठ्या प्रिंट कुणी काढणार आहे का?

कातळवाट
मी काढतो, ए-३ वर. बर्डच्या यादीतल्या जागा प्रिंटवर पेन्सिलीने खुणावून आणतो. @फारसीचा_विद्यार्थी, दारावरच्या तिसऱ्या भागाची बेरीज अजून बाकी आहे, तेव्हा तुम्हीही याच.